आक्काच्या रुपयावर आलेल्या ऑफरी

"लास्ट किती?"

एवढाच मेसेज. कुठल्या नाण्याचं विचारतोय, कोण विचारतंय, काही पत्ता नाही. रामराम नाही की नमस्कार नाही. माझ्या फोनवर असे रोज पाच-सहा तरी येऊन पडतात. आमचे हे म्हणतात, "तुला राग कसा गं येत नाही?" येतो की! पण शिरूरच्या एका सराफाच्या दुकानात मी बावीस वर्षं चांदीच्या काउंटरवर उभी होते. पैंजणाच्या जोडावर वीस रुपये कमी करा म्हणून दीड-दीड तास ठाण मांडून बसणाऱ्या बायका मी चहा पाजून हसत घरी पाठवल्यात. त्यांच्यापुढं हा मोबाईलवरचा "लास्ट किती" म्हणजे किस झाडकी पत्ती.

दुकान सुटलं तशी मी दौंडला आले. आमचे हे रेल्वेतले, घर इथलंच. गेली नऊ वर्षं घरी बसून जुनी नाणी ऑनलाइन विकते. गल्लीत कुणी विचारलं तर सासूबाई असताना सांगायच्या, "काही नाही, मोबाईलवर खेळत असते." मरेपर्यंत त्यांना पटलं नाही की हा धंदा आहे. पण त्याच धंद्यातून मी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. दोघींनीही कधी त्याचा विषय काढला नाही.

नाण्यांचा नाद दुकानात लागला. बायका घरातले जुने चांदीचे रुपये मोडीत घालायला आणायच्या. मोड म्हणजे वितळवायची चांदी. तुटकी जोडवी, चेपलेलं ताम्हण, त्यातच रुपये. शेठ वजन करायचे, भाव सांगायचे आणि रुपया टणकन डब्यात टाकायचे. तो आवाज मला सोसायचा नाही. एकदा मी पगारातून दोन रुपये विकत घेतले. शेठ म्हणाले, "सुनंदाबाई, चांदी चांदीच्या भावात घेऊन करणार काय?" तेव्हा मलाही सांगता आलं नव्हतं. पुढं कळलं की दिसायला एकसारख्या दोन रुपयांत एक चांदीच्या भावाचा असतो आणि दुसऱ्यासाठी लोक देवळासमोरच्यासारखी रांग लावतात. वर्ष बघायचं, कुठल्या टाकसाळीची खूण आहे ते बघायचं आणि सगळ्यात आधी नाणं किती वापरलंय, किती घासलंय ते बघायचं. मी फक्त शंभर वर्षांच्या आतली नाणी विकते. त्याआधीच्या मालाला सरकारी कायदे आहेत, त्या वाटेला जात नाही.

आता ऑफरीचं सांगते, कारण खरा धंदा तिथं आहे. मी नाण्याचा फोटो टाकते, किंमत लिहिते. त्याखाली एक बटण असतं. घेणाऱ्यानं ते दाबून आपली किंमत सुचवायची. ती फक्त मला दिसते. मग माझ्याकडं दोन दिवस असतात. हो म्हणायचं, नाही म्हणायचं, नाहीतर आपला आकडा उलट पाठवायचा. ठरावीक आकड्याखालच्या ऑफरी आपोआप उडवून लावायचीही सोय आहे. मी ती कधीच वापरली नाही. गिऱ्हाईक दारात आलं आणि आपण दार उघडायच्या आधीच कुत्रं अंगावर सोडलं, असला धंदा मला जमत नाही.

नवशिक्या विकणाऱ्याच्या दोन खोडी असतात. एक म्हणजे पहिल्याच ऑफरीला हो म्हणून टाकायचं. समोरच्याला आनंद होत नाही हो त्यानं! त्याला वाटतं, अरेच्चा, आणखी कमी सांगायला हवं होतं. मग नाणं घरी पोचल्यावर तो त्यात खोट शोधत बसतो. म्हणून ऑफर चांगली असली तरी मी पन्नास रुपये वाढवून मागते आणि वर पाठवणीचा खर्च माझ्याकडं घेते. दोघंही खुशीत. दुसरी खोड म्हणजे भसाभस उतरायचं. हजाराचं आठशे, आठशेचं सहाशे. गिऱ्हाईक आकडा बघत नाही, तुम्ही किती उतरलात ते बघतं. हजाराचं नऊशे साठ करा, मग नऊशे पंचेचाळीस. समोरच्याला आपोआप कळतं की बाईच्या विहिरीचा तळ आलाय.

हे सगळं आता शहाणपणानं सांगतेय. पहिल्या वर्षी मी अशी नव्हते. नऊशेला लावलेल्या एका अर्ध्या रुपयावर अकोल्याच्या एका माणसानं तीनशे एक्कावन्नची ऑफर टाकली. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, "भाजी मंडईत जा, तिथं कोथिंबीर मिळेल." दहा मिनिटांत त्याचं उत्तर. माझ्या नाण्यातले पाच दोष, क्रमांक घालून. कडेला ठोकर आहे, राजाच्या कानावर झीज आहे, मागच्या बाजूला कुणीतरी चिंच लावून घासलंय, असे. मी भिंग घेऊन बसले. पाचच्या पाच खरे! मला कानकोंडं झालं. मी लिहिलं, "चुकले. साडेतीनशेला घ्या." त्यानं लिहिलं, "तीनशे एक्कावन्न. मी एकदा सांगितलेला आकडा खाली आणत नाही."

हेच ते अकोलेकर. खरं नाव इथं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. निवृत्त मास्तर आहेत एवढं कळलं होतं. तेव्हापासून माझं सगळ्यात चिकट आणि सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक. आकड्याच्या शेवटी एक लावल्याशिवाय त्यांची ऑफर यायची नाही. मोठ्या व्यवहारात तेवढा एक सोडायचे.

चिंचेचं ते मी मनावर कोरून घेतलं. आपल्याकडं दिवाळीत लक्ष्मीपूजनाला घरातले चांदीचे रुपये काढतात, चिंचेनं नाहीतर राखेनं लख्ख घासतात, हळदकुंकू वाहतात. श्रद्धेनं करतात, मीही करायचे. पण असं पन्नास दिवाळ्या घासलेलं नाणं जमवणाऱ्यांच्या लेखी संपलेलं असतं. चांदीला वर्षानुवर्षं हवेनं जो काळसर-निळसर रंग चढतो, तो त्यांना हवा असतो. त्याला आमच्यात टोन म्हणतात. तो चढायला तीन पिढ्या जातात आणि उतरवायला दोन मिनिटं लागतात. घरोघरीच्या बायका माझ्याकडं नाणं आणताना हमखास घासून आणतात. "ताई, तुमच्याकडं यायचं म्हणून स्वच्छ केलं." चहा देते.

लोक काय काय आणतात म्हणून सांगू? शिक्रापूरहून एक गृहस्थ गाडी करून आले, ट्रॅक्टरच्या चित्राची पाचाची नोट घेऊन. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं होतं की हिचे अकरा लाख येतात. मी म्हटलं, "दादा, हिचे पाच रुपये येतात." ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला घ्यायची नसंल तर ऱ्हाऊ द्या, पन भाव पाडू नका." गाडीभाडंच दीड हजार झालं असणार. जाताना माझ्याकडं असं बघत होते, जणू मीच त्यांचे अकरा लाख बुडवले.

तिथलाच आणखी एक. बिहारकडचा, कंपनीत वेल्डर, चार जणांत खोली घेऊन राहणारा. पगार झाला की तो माझ्या एका साध्या दोन रुपयांच्या नाण्यावर साठ रुपयांची ऑफर टाकायचा. मी लावलं होतं दीडशेला. चार महिने हेच. शेवटी मी फोन केला. "भैया, हर महीने वही नाणा क्यूँ?" तो लाजत म्हणाला, "भाभीजी, बेटी उसी साल की है। लॉकेट में डालना है। थोड़ा तो कम करो।" मला इतकं हसू आलं! म्हटलं, "अरे बाबा, ये तो किराणे के गल्ले में मिलेगा। दुकानदार को बोल, दो रुपये के सिक्के दिखा।" आठ दिवसांत त्याचा फोटो आला, तळहातावर तेच नाणं. दोन रुपयांत. माझं दीडशेचं गिऱ्हाईक मीच घालवलं आणि दिवसभर खुशीत होते. आमचे हे म्हणाले, "असा धंदा केलास तर अंबानी होशील हो." म्हटलं, होईन नाहीतर नाही, तुम्हाला काय करायचंय.

हा असा माझा तोरा. धंदा करते तर स्वच्छ, आणि नाण्यातलं मला कळतं. त्या तोऱ्यातच ती गोष्ट घडली. आजवर कुठं लिहिली नव्हती.

आमच्या घरापासून तिसरं घर शेवंता आक्कांचं. वय सत्तरीच्या पुढं, शाळेत मदतनीस होत्या. नवरा गेलेला. एक मुलगा भोसरीला, एक शिक्रापूरला. आक्कांना ऐकू येत नाही. म्हणजे अजिबात नाही असं नाही, कानाशी ओरडलं की येतं. त्यामुळं आक्कांशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोलायचं.

दोन वर्षांमागं नवरात्र नुकतं बसलं होतं. आक्का आल्या आणि पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली.

"बग गं सुनंदा, ह्याचं काय येतंय का."

पुडी सोडली आणि मी खुर्चीत बसलेच. चांदीचा रुपया. कोरा करकरीत शिक्का, एका रेघेची झीज नाही. आणि रंग! मधे करडा, कडेला निळा-जांभळा, पारव्याच्या मानेवर असतो तसा. वर्ष आणि खूण कुठली ते सांगत नाही, नाहीतर उद्या अर्धा तालुका माझ्या दारात उभा राहील. पण असं नाणं मी तोवर कधी हातात धरलं नव्हतं.

"आक्का, कुठलं हे?"

"आं?"

"कुठं मिळालं?" मी कानाशी ओरडले.

"माज्या बापाचं. रेल्वेत खलाशी हुता. पयल्या पगारात आला त्यो रुपाया मोडलाच न्हाई त्यानं. कागदात बांधून डब्यात ठिवला. आई म्हनायची, पोरं उपाशी हायती आन् ह्यो रुपाया निजवून ठिवतोय. तरी न्हाई मोडला."

मला उलगडा झाला. आक्का बौद्ध. त्यांच्या घरात लक्ष्मीपूजन नाही, नाण्याला चिंच नाही की राख नाही. दौंडमधल्या हजार घरांतले रुपये दरसाल घासून घासून गुळगुळीत झाले आणि हा एक कागदात शांत पडून राहिला.

"विकायचं कशाला पण?" मी ओरडले. "राहू द्या की!"

आक्कांनी कानाकडं बोट केलं. तपासणीला जाऊन आल्या होत्या. मशीन चोवीस हजारांचं. "विहारात समदी वंदना म्हनत्यात. मला ऐकू येत न्हाई, मी दुसऱ्याच्या व्हटाकडं बगून म्हनते. एक वळ मागं ऱ्हाते गं. समदी थांबली की माजी एकटीची वळ ऐकू येती, मग पोरी हासत्यात."

"मुलांना सांगा की!"

"पोरांना सांगितलं की सुनांना इचारावं लागतंय. मला कुनाला इचारायचं न्हाई. बापाचं हाय, त्यातनं घ्यायचं."

मी फोटो काढले, जसं होतं तसं. बत्तीस हजार लावले. आक्कांकडून कमिशन घ्यायचं नाही हे तिथंच ठरवलं. आणि ऑफरी सुरू झाल्या. एकानं तीन हजार सांगितले, चांदीच्या भावात देता का म्हणून. एकानं अकरा. नियम असा की ऑफर दोघांतच राहते. पण इथं मालकीण आक्का! प्रत्येक ऑफर मी त्यांच्या कानात ओरडून सांगायची. "आक्का, अकरा हजार म्हणतोय!" समोरच्या घरातून आवाज यायचा, "देऊ नका हं आक्का, थांबा अजून!" गल्लीतल्या बायका नळावर ऑफरीची चर्चा करत होत्या. भाजीवाला सुद्धा विचारायचा, "आज किती आली?"

मग अकोलेकर आले. साडेअठरा हजार. मी साडेसत्तावीस सांगितले. ते एकवीसला आले, मी सव्वीस सहाशेला. दोन दिवस गप्प. आक्का रोज दारात. "आला का गं त्येचा?" मी नुसती मान हलवायची. तिसऱ्या दिवशी ऑफर आली, तेवीस हजार. खाली लिहिलेलं, "बाई, असा टोन मी आयुष्यात दोनदा पाहिला." माणूस असं लिहून बसला की त्यानं पत्ते उलटे करून दाखवले म्हणून समजायचं. मी पंचवीस हजार पाठवले आणि फोन पालथा ठेवला. तासाभरात हो आलं.

मी दारातूनच ओरडले, "आक्का! पंचवीस!" गल्लीनं टाळ्या वाजवल्या. खोटं सांगत नाही. त्या दिवशी माझ्यासारखी मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाणं पाठवायचं होतं. दसरा तोंडावर आलेला, म्हणून घरातली चांदी घासायला काढली होती. निरांजन, ताम्हण, करंडा, अत्तरदाणी, दोन वाट्या. टेबलावर रिठ्याचं पाणी, मऊ ब्रश, पांढरी पावडर. शेजारी आक्कांचं नाणं, डबीत घालायला काढून ठेवलेलं. मी गुणगुणत होते. मनात आकडे चालले होते, आक्कांना घेऊन पुण्याला कधी जायचं, कुठल्या गाडीनं. दुकानात शेठचा एक दंडक होता, गिऱ्हाइकाच्या हातात काळी चांदी द्यायची नाही. काउंटरवरून जाणारी प्रत्येक वस्तू आधी ब्रशखालून जायची. बावीस वर्षं रोज. हाताला मग डोकं लागत नाही, तो आपला आपण चालतो.

हात पुसून मी टॉवेलकडं पाहिलं. टॉवेलवर सात वस्तू चमकत होत्या. मी घासायला घेतल्या होत्या सहा.

रुपया आरशासारखा लख्ख. निळा गेला, जांभळा गेला. त्या माणसानं पोरं उपाशी असताना न मोडलेला रुपया, इतकी वर्षं कुणाचं बोट न लागलेला, आणि तो मी घालवला. मी! जी दारात आलेल्या बायकांना चिंच लावू नका म्हणून सांगते.

आमचे हे आले, बघितलं, त्यांनाही कळलं. म्हणाले, "पाठवून दे. फोटोत आणि प्रत्यक्षात थोडा फरक असतोच." ते मला वाचवायलाच बघत होते. पण मी एवढी कडाडले की ते मागच्या पावली अंगणात गेले. मग नाण्याचे नवे फोटो काढले, दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले आणि अकोलेकरांना लिहिलं, "माझ्या हातून नाणं घासलं गेलं. व्यवहार मोडा."

त्यांचं उत्तर यायला तास लागला. "बाई, हे काय केलंत." नंतर आणखी एक ओळ, "आता चार हजार. मालकिणीला विचारा."

विचारायला हवंच होतं. आक्का ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सकाळची वेळ, नळाला पाणी आलेलं, बायका हंडे घेऊन उभ्या. मी आक्कांना आत चला म्हणून खूण केली. त्या उठेनात. समोरचा पाट दाखवला, बस म्हणून.

मी हळूच म्हणाले, "आक्का, मी नाणं घासलं."

"आं?"

मी जरा मोठ्यानं, "आक्का, नाणं माझ्याकडून घासलं गेलं. रंग गेला. तो घेणार नाही आता."

"काय म्हनतीस?" त्यांनी कानामागं हात धरला.

नळावरची बडबड थांबली होती. कालच याच बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तरी ओरडले.

"मी तुमच्या वडलांचं नाणं घालवलं, आक्का! माझी चूक! मी घालवलं!"

कुणाचा तरी हंडा भरून वाहत होता. आक्कांनी माझ्या हातातून रुपया घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. "चकाकतंय," म्हणाल्या. मग, "आता किती देतोय त्यो?"

मी चार बोटं दाखवली.

"न्हाई द्यायचं." रुपया कनवटीला लावला आणि लसूण पुढं ओढला.

मी तिथंच ओरडून सांगितलं की मशीन मी आणणार. आक्का म्हणाल्या, "तू का म्हनून?" मी म्हटलं, दुकानात कायदा होता, काउंटरवर मोडलं ते काउंटरवाल्याचं. उपकार नाहीत, भरपाई आहे. आक्कांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. नको नको म्हणाल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. नको म्हणाल्या असत्या तर मी कुठं तोंड दाखवलं असतं?

चोवीस हजार माझ्याकडं रोख नव्हते. धंद्यातला पैसा मालात अडकलेला असतो. पण माझा स्वतःचा एक रुपया होता. दुकान सुटलं तेव्हा शेठ निरोपाला साडी देणार होते. मी म्हटलं, साडी नको, मोडीच्या डब्यातला एक रुपया मला निवडू द्या. तो मी बघून ठेवला होता. शेठना त्यातलं काही कळत नव्हतं असं मी समजत होते. देताना ते म्हणाले, "हाच घेणार म्हणून माहीत होतं, आठ दिवस बाजूला काढून ठेवलाय." तो रुपया मी चाळीस हजारांना लावून ठेवला होता, कुणी घेऊच नये म्हणून. अकोलेकर त्यावर दर दिवाळीला ऑफर टाकायचे. शेवटची साडेचोवीस हजारांची. मी दरवेळी एका शब्दात नाही म्हणायचे, आणि त्यात मला मजा यायची.

आता मीच लिहिलं, "तुमची मागची ऑफर अजून आहे का?"

बाजारात गरजू विकणाऱ्याचा वास लांबून येतो. मी स्वतः असा वास कितीदा घेतलाय. त्यांनी विचारलं, "आताच का?" मी खरं ते लिहिलं. घासलेल्या रुपयाची भरपाई करायची आहे. आता पंधरा सांगतील, सोळा सांगतील, आणि मला हो म्हणावं लागेल, अशी तयारी करून बसले.

उत्तर आलं, "साडेचोवीस. मी एकदा सांगितलेला आकडा खाली आणत नाही."

नऊ वर्षांतली ही एकच ऑफर मी उलट आकडा न पाठवता घेतली. पाठवणीचा खर्चही त्यांनीच दिला. नाणं पोचल्यावर लिहिलं, "मिळालं. घासलेलं नाही, तपासून पाहिलं." हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

शेठच्या डब्यातल्या त्या रुपयाची आठवण येते. खोटं कशाला बोलू? डबीची जागा अजून रिकामी आहे. पण या धंद्यात मी मिळवलं काय असं कुणी विचारलं तर मी विकलेली नाणी सांगत नाही. ते दोन फोटो शेजारी-शेजारी लावून पाठवले, ते सांगते. आता नाण्याच्या टेबलावर घरातला चमचासुद्धा येऊ देत नाही.

दिवाळीआधी आक्कांना घेऊन पुण्याला जाऊन आले. मशीन बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी सवयीनं ओरडले, "आक्का, चहा ठेवू का?"

"वरडू नगंस," आक्का दचकून म्हणाल्या. "कान हायती मला."

दोघी हसलो. मी चहा ठेवला. आक्का बराच वेळ उकळत्या पाण्याचा आवाज ऐकत बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, इतक्या हळू की त्या असं बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं, "सुनंदा, तू त्या दिशी वट्यावर सांगाय आलीस न्हवं, मला पयल्याच टायमाला कळलं हुतं. तुज्या व्हटावरनं."

मी गॅस बारीक केला. "मग आं, काय, असं का म्हणत होता?"

"माज्या बापाचं हुतं त्ये," आक्का म्हणाल्या. "मला तीनदा ऐकायचं हुतं."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्याही माझ्याकडं सरळ बघत होत्या. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. चौथ्यांदा सांगू?"

"नगं," आक्कांनी कप पुढं केला. "आता ऐकू येतंय मला."